पाण्याचे बूच

गोदावरीबाई लेकीच्या बाळंतपणासाठी कॅलगरीला निघाल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याला घराविषयी जितक्या सूचना दिल्या, त्यांतल्या बहुतेक विसरण्याजोग्या होत्या आणि वेणीमाधव गायधनी त्या रीतसर विसरलेही. एक सूचना मात्र त्यांनी पुढचे पाच महिने नेमाने पाळली. बेडरूमला लागून असलेले कमोडचे संडास बाईंच्या गुडघ्यांसाठी करून घेतलेले होते आणि ते त्या एकट्याच वापरत. आता ते बंद राहणार होते. संडासाच्या भांड्याखाली पाइपाला एक वाक दिलेला असतो, त्यात पाणी साचून राहते, आणि घर व गटार यांच्यामध्ये रात्रंदिवस उभे असते ते एवढेच ओंजळ-दोन ओंजळ पाणी. वापर थांबला की ते आटते आणि खालची हवा वर येते. म्हणून दर रविवारी तिथे बादलीभर पाणी ओतायचे, असे बाईंनी बजावले होते. रविवारी आधी पूजा, मग बादली, मग वर्तमानपत्र, असा वेणीमाधवांचा क्रम पडून गेला.

ते स्वतः पॅसेजच्या टोकाचे साधे, उकिडवे बसायचे संडास वापरत. निजायच्या खोलीला संडास चिकटलेले असणे त्यांना उभ्या जन्मात रुचले नव्हते. वडील आणि आजोबा रामकुंडावर यजमानांचे विधी चालवीत. वेणीमाधवांनी ती गादी सांभाळली नाही, अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे तयार माल तपासण्याचे काम केले, पण त्या घरच्या सवयी अंगाला चिकटून आल्या. बाहेर आल्यावर पाय धुणे ही एक. आत जाण्याआधी खाकरणे ही दुसरी. जुन्या घरातल्या संडासाला कडी नव्हती. जाणारा दाराशी दोनदा खाकरे, आत कुणी असले तर तेही तसेच दोनदा खाकरे, आणि बाहेरचा माणूस एक शब्द न बोलता माघारी फिरे. कोण आहे ते विचारायचे नाही, थांबून घाई करायची नाही. माणसाने माणसाला न पाहता त्याचे असणे मान्य करण्याची आणि त्याची लाज राखण्याची ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, आणि म्हणूनच ती मोडायचेही कुणाच्या मनात आले नव्हते. इंदिरानगरच्या या तिसऱ्या मजल्यावर दाराला चांगली पितळी कडी होती आणि घरात दुसरे माणूस नव्हते, तरी वेणीमाधव रोज पहाटे पावणेसहाला पॅसेजमध्ये दोनदा खाकरत आणि क्षणभर थांबत. गोदावरीबाई गेल्यापासून तो क्षण थोडा लांबला होता, हे त्यांच्या लक्षात आले होते. आपण काय ऐकण्यासाठी थांबतो, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

त्यांच्या मनाला सध्या एकच घोर होता. डिसेंबरात गॅसवर दूध ठेवून ते खाली पत्रपेटी पाहायला गेले आणि तिथेच बाकावर ऊन खात बसले. खालच्या मजल्यावरच्या मीना सोनवणे या शिक्षिकेला जळका वास आला, तिने धावत वर जाऊन, दार बंद पाहून खाली त्यांना हाक मारून, गॅस बंद करवला, आणि काळजीपोटी ही हकीकत फोनवर त्यांच्या लेकीला, यशश्रीला सांगितली. यशश्रीने आवाज चढवला असता तर वेणीमाधवांना उत्तर देता आले असते. ती शांतपणे म्हणाली होती, "बाबा, आणखी एकदा असं काही झालं तर मे महिन्यात मी येते. फ्लॅट विकू आणि तुम्हाला इकडे घेऊन येते. मला रोज धाकधूक नकोय." तिने अठरा मेचे तिकीटही काढून ठेवले. कॅलगरीचे घर वेणीमाधवांनी एकदा पाहिले होते. सहा आठवडे एका खिडकीशी बसून पाहिले होते. त्या खिडकीतून माणूस जाताना दिसला की ते चहाचा कप खाली ठेवत. त्यांना हे घर हवे होते, आणि ते राखायचे तर मेपर्यंत एकही चूक होऊन चालणार नव्हते. तेव्हापासून ते प्रत्येक काम स्वतःला ऐकू जाईल असे बोलून करू लागले. गॅस बंद केला. किल्ली खुंटीला लावली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वास सुरू झाला.

तो पहिल्या दिवशी नुसता भास वाटावा इतका होता आणि तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलापर्यंत आला. ऊन कडक होते. बंद संडासाचे पाणी आठवड्याच्या आत आटले असणार, हे उघड होते. वेणीमाधवांनी कमोडमध्ये वाकून पाहिले. पाणी भरलेले होते. कारखान्यातली सवय अशी, की दिसते त्यावर विसंबायचे नाही. त्यांनी देवघरातली उदबत्ती पेटवून कमोडच्या तोंडाशी धरली. खालून हवा येत असेल तर धूर वाकडा होतो. धूर दोरीसारखा सरळ वर गेला. मग तीच उदबत्ती घेऊन ते पॅसेजमधल्या, स्वतःच्या संडासात गेले, ते केवळ चाचणी पूर्ण व्हावी म्हणून. भांड्याच्या तोंडाशी उदबत्ती नेताच धूर उलटून त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी बॅटरी लावली. वाक कोरडा ठक्क होता.

सकाळीच ते तिथे बसून, बादलीभर पाणी टाकून बाहेर आले होते. त्यांनी पुन्हा बादली ओतली, पाणी वाकात ठरलेले पाहिले, पहाटे नित्याप्रमाणे आत जाऊन आले, आणि नऊ वाजता पाहतात तो भांडे पुन्हा कोरडे. असे दोन दिवस झाल्यावर त्यांनी झिपरूला बोलावले.

झिपरू हरसूलकडचा. वीस वर्षांपूर्वी याच इमारतीच्या बांधकामावर विटा वाहायला आला, प्लंबरच्या हाताखाली राहून काम शिकला, आणि आता आसपासच्या चाळीस-पन्नास इमारतींच्या पाण्याची नाडी त्याच्या हाताला ठाऊक होती. काम सुरू करण्याआधी तो भांड्यासमोर नुसता बसून राही, जणू ते आपणहून काही सांगेल.

"काका, पानी जायला तीन वाटा," तो म्हणाला. "वाक तडकला आसंल तर खालच्यांच्या छताला ओल येती. वरचा हवेचा पाइप तुंबला आसंल तर वरच्यांनी पानी सोडलं का आपलं पानी ओढून नेतं. नाय तर आत चिंधी अडकती, आन् दिव्याच्या वातीवानी पानी चोखत बसती. तिन्ही बघू."

त्याने वाकातून तार फिरवली, चिंधी नव्हती. गच्चीवर जाऊन हवेच्या पाइपात पाणी सोडले. ते खळखळ खाली गेले. मग दोघे मीनाकडे गेले. तिच्या संडासाचे छत पांढरेफटक होते.

"ओल कसली, काका?" मीना म्हणाली. "तुमच्या पाण्याची तर मला मदतच होते. रोज पावणेसहाला तुमचं पाणी खाली जातं आणि मी उठते. मोबाइलचा गजर बंद करून टाकलाय मी. काकू असताना हे सुख नव्हतं, त्या आठला उठायच्या."

"कोन्च्या पाइपातून येतो आवाज, ताई?" झिपरूने विचारले.

"बेडरूमच्या. माझ्या उशाशीच आहे की तो."

झिपरूने वेणीमाधवांकडे पाहिले. पॅसेजमधल्या संडासाचा पाइप इमारतीच्या दुसऱ्या अंगाने, स्वयंपाकघराच्या बाजूने उतरत होता. त्याने स्वतःच तो बसवलेला होता.

वर आल्यावर तो पुन्हा पॅसेजमधल्या भांड्यासमोर बसला, आणि या वेळी त्याने भांड्याला हात लावला. पावलांच्या जागेवरून बोट फिरवून बोटाला लागलेली धूळ पाहिली. नळ आणि भिंत यांच्या बेचक्यात कोळ्याने जाळे धरले होते, ते त्याने मोडले नाही. मग नळाची चावी धरली. ती फिरेना. पान्याचा हिसका दिल्यावर नळाने दोनदा उचकी दिली आणि तांबडे पाणी ओकले. ते बराच वेळ तांबडे राहिले, मग निवळले.

"काका, रागवू नका," तो म्हणाला. "पन ह्ये बंद हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे वापरात नाय. चार-पाच म्हयने तरी कुनी बसलं नाय हितं."

"मी रोज बसतो," वेणीमाधव म्हणाले. "आजही बसलो. याच नळाने बादली भरली."

झिपरू उठून बेडरूममधल्या संडासात गेला, फ्लशच्या टाकीचे झाकण उचलून आतला रबरी वॉशर त्याने अंगठ्याने चाचपला, आणि आतूनच म्हणाला, "हिकडं वापर हाय. दिसाला चार-पाच बार दाबत्यात. एका मानसाचा वापर."

"तिकडे मी फक्त रविवारी पाणी ओततो."

"आसंल," झिपरू म्हणाला. त्याने झाकण ठेवले, हात धुतले, टॉवेल न मागता सदऱ्याला पुसले. "माझ्या म्हातारीचंबी आसंच व्हायचं. सकाळी नागलीची भाकर खायाची, आन् दुपारी म्हनायची, मला कुनी जेवायला घातलं नाय. लय गोड म्हातारी होती."

त्याच्या बोलण्यात कीव नव्हती, आणि तेच वेणीमाधवांना झोंबले. कीव असती तर तिचा राग धरता आला असता. "हे कुणाकडे बोलू नकोस," ते म्हणाले.

"मी कशाला बोलू? भांड्याचं काम, भांड्यापाशी राह्यलं." पायताण घालता घालता तो थांबला. "एवढं करा. दर रविवारी ह्यात बादलीभर पानी टाका. पान्याचं बूच असतंय ते. बंद भांड्याला तेवढंच लागतंय."

तो गेल्यावर वेणीमाधव खुर्चीत बसले. त्यांनी प्रश्न मांडला तसा तो सरळ होता. एक तर आपण पाच महिने बेडरूमचे संडास वापरत आहोत आणि आपल्याला ते आठवत नाही. मग यशश्रीचे खरे आहे, अठरा मेला तिच्याबरोबर जाणे हेच शहाणपणाचे. किंवा ते आणखी कुणी वापरत आहे. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट खरी निघावी असे आपल्याला वाटते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. घरात परके कुणी असण्याचे भय वाटायला हवे होते. त्यांना भय वाटत होते ते कॅलगरीच्या खिडकीचे.

प्लंबर मंडळी टाकी गळते का ते पाहायला तिच्यात रंग टाकतात. रंग न दाबता भांड्यात उतरला तर वॉशर खराब. नाही उतरला तर पाणी आपोआप जात नाही. गोदावरीबाईंचा जिलबीचा केशरी रंग डब्यात होता. तो त्यांनी संध्याकाळी टाकीत टाकला आणि घड्याळ लावून पाऊण तास भांड्यापुढे बसले. भांडे पांढरे राहिले. पहाटे ते उठले, पॅसेजमध्ये खाकरले, आत गेले, पाय कुठे ठेवला, नळ कितीदा फिरवला हे मोठ्याने बोलत राहिले, पाय धुऊन थेट बेडरूमच्या संडासात आले आणि टाकीचे झाकण उचलले. पाणी तळापर्यंत निवळशंख होते. केशरी रंगाचा थेंब उरायचा नाही इतके, म्हणजे एकदा नव्हे, दोन-तीनदा दाबलेले.

मग त्यांनी ते केले जे कारखान्यात नापास मालाच्या खोक्यांना करत. तपकिरी कागदाची चिकटपट्टी बेडरूमच्या संडासाचे दार आणि चौकट यांवर आडवी लावली, दोन्हींवरून जाईल अशी सही केली, तारीख घातली. सही फाटल्याशिवाय दार उघडणे शक्य नव्हते. घरात विसराळू म्हातारा असेल तर त्याला ही पट्टी फाडावी लागेल, आणि फाटलेली पट्टी खोटे बोलत नाही.

पहिल्या दिवशी पट्टी शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशीही. जिन्यात मीना भेटली, तिला त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, आणि ती हसून म्हणाली, "आजही पावणेसहाच, काका. एका मिनिटाचा फरक नाही. शाळेत तुमचं उदाहरण देते मी." त्या दोन्ही दिवशी पॅसेजमधल्या नळाने आधी तांबडे पाणी दिले. ते निवळेपर्यंत वेणीमाधव बादली धरून उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठच्या सुमारास, पट्टीवरची सही भिंगातून पाहावी म्हणून ते बेडरूममध्ये आले. हातातला मोबाइल त्यांनी पलंगावर टाकला. सहीची रेघ दारावरून चौकटीवर जशी गेली होती तशी अखंड होती. आता पट्टी कापून आत काय आहे ते पाहावे, असा विचार करून त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. आणि संडासाच्या दारावर हात गेला की गळ्याने जे आपणहून करायचे ते गळ्याने केले. ते दोनदा खाकरले.

आतून कुणीतरी दोनदा खाकरले.

तो आवाज घाबरवणारा नव्हता. वयस्कर, किंचित घोगरा, मन दुसरीकडे असलेल्या माणसाचा, ज्याला आपण इथे आहोत एवढेच कळवायचे आहे, असा तो आवाज होता. वेणीमाधवांनी मुठीवरचा हात काढला आणि ते मागे वळले. हे सगळे विचाराच्या आधी झाले. सत्तरीला आलेल्या त्यांच्या देहाला आत माणूस असताना दार ढकलणे ठाऊकच नव्हते. ते बेडरूमच्या बाहेर आले, ते दारही त्यांनी ओढून घेतले, आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून राहिले, आतल्याचे आटोपण्याची वाट पाहत.

पट्टी अखंड असल्याचे त्यांना मागाहून आठवले. तेव्हा उठावे, दार उघडावे, असे मनात येऊन गेले. पण एकदा खाकरून उत्तर मिळाल्यावर पुन्हा जाऊन खाकरणे हा उतावळेपणा, आणि न खाकरता जाणे त्याहून वाईट. त्यांनी वर्तमानपत्र उघडले. बेडरूमच्या बंद दाराआडून, किंवा शेजारच्या इमारतीतून असेल, एका पुरुषाचे बोलणे येत होते, शब्द न कळणारे, सावकाश, मधेच एकदा हसलेले. पंख्याच्या आवाजात ते कधी बुडे, कधी वर येई. वेणीमाधवांच्या ध्यानात आले की आपले खांदे सैल झाले आहेत. पाच महिन्यांत प्रथमच या घरात आपल्याखेरीज कुणाचा तरी वेळ चालला आहे, आणि आपण तो संपण्याची वाट पाहत आहोत, ही गोष्ट इतकी साधी आणि इतकी जुन्या ओळखीची होती की त्यांचे डोळे मिटले.

दहा वाजता ते आत गेले. खोलीत कुणी नव्हते. पट्टी अखंड होती. पलंगावरचा मोबाइल त्यांनी उचलला, तो कोमट लागला. त्यांनी पट्टी कापली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यशश्रीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे रात्र होती. मांडीवर तान्हे झोपलेले, मागे गोदावरीबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वेणीमाधव फोन धरून बसतात तोच दारावरची घंटा वाजली. त्यांनी फोन हातात धरूनच दार उघडले. झिपरू होता. एका खांद्यावर सिमेंटची अर्धी गोणी, दुसऱ्या हातात छिन्नी-हातोडा आणि घमेले.

"आलो, काका. नऊ म्हनले व्हते ना तुमी."

"मी?"

"काल नाय का फोन केला तुमी? भायेरचं भांडं काढायचं, पाइपाला टोपी लावायची, वर कोबा करून जागा सपाट करायची. सामान ठेवायला व्हईल म्हनले." त्याने वेणीमाधवांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्याचा आवाज खाली आला. "नाय म्हनले का?"

"बाबा, आला का झिपरू?" फोनमधून यशश्री म्हणाली. "बरं झालं. काल तुम्ही सांगितलंत तेव्हा मी आईला म्हटलं, बघ, बाबांनी सगळं ठरवूनसुद्धा टाकलं."

वेणीमाधवांनी फोन चेहऱ्यासमोर आणला. "काल काय काय बोललो मी?"

त्यांनी ते हसत विचारले होते, आणि तीही हसली. "सगळंच. पाऊण तास. इतकं मोकळं तुम्ही माझ्या लग्नात बोलला नव्हतात. दुधाचं स्वतःहून काढलंत, चूक झाली म्हणालात. दिवसभर काय करता, काय खाता, किती चालता. खरं सांगू? मी उगीच घाबरले होते. मे महिन्याचं तिकीट रद्द केलं मी आज. तुम्ही राहा तिथे. हवे तितके दिवस राहा."

मागून गोदावरीबाई पुढे आल्या, हातात बाळाचे झबले. "आणि अहो, इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, गुडघे सांभाळा, कमोड वापरा. ऐकलंत का कधी? आणि मी गेल्याबरोबर वापरायला लागलात. लबाड कुठले. काल मान्य केलंत म्हणून बरं."

यशश्री हसत होती, बाई हसत होत्या. दारात झिपरू गोणीचे ओझे खांद्यावर तसेच तोलून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत ती म्हातारी होती. नाही म्हणणे एका शब्दाचे काम होते. काल मी फोन केला नाही. काल मी बाहेर सोफ्यावर बसलो होतो. पण जो बाप काल पाऊण तास बोलला आणि आज त्याला ते आठवत नाही, त्याला न्यायला लेक पुढच्या विमानाने येईल. वेणीमाधवांनी पाहिले, की त्यांना जे हवे होते ते सगळे मिळालेले आहे, आणि ते घ्यायला फक्त होकार द्यायचा आहे.

"हो," ते म्हणाले. "मीच सांगितलं. ये, झिपरू, आत ये."

"आवाज बारीक येतोय आज तुमचा," गोदावरीबाई म्हणाल्या. "काल कसा खणखणीत होता."

झिपरूने भांडे चार घावांत फोडले. तुकडे घमेल्यात भरले, पाइपाच्या तोंडाला टोपी चिकटवली, खड्ड्यात विटांचा चुरा आणि खडी ठोकून भरली, नळही काढून त्या जागी बूच मारले. वेणीमाधव पॅसेजमध्ये उभे राहून पाहत होते. कोबा पसरून झाल्यावर झिपरूने थापीने भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत अर्धगोल फिरवत तो घोटला, स्वतः उलटा सरकत बाहेर आला, आणि उंबऱ्याशी अंगठा टेकवून ओल तपासली.

"लय ओलं हाय. परवा येऊन बघतो, तवर पाय देऊ नका," तो म्हणाला. "मांजर फिरलं तरी उमटंल."

तो गेला तेव्हा बारा वाजले होते. वेणीमाधवांनी भात लावला, वरण केले, गॅस बंद केला असे मोठ्याने म्हटले. जेवताना त्यांना वाटले, की आता काळजीचे काही उरलेले नाही. घर राहिले, तिकीट रद्द झाले, आणि बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होते. बेडरूमचे दार लोटलेले होते आणि ते उघडायला ते गेले नाहीत. ताट घासून ठेवले, आणि मग पोटात जी नित्याची हालचाल झाली तिच्यामागे, दुसरेच काही मनात असताना, ते पॅसेजमधून चालत गेले, खाकरले, दार ढकलून आत शिरले आणि मधोमध जाऊन उभे राहिले.

तळव्यांना गार लागले तेव्हा त्यांना आठवले.

ते जागच्या जागी थिजले. एवढ्या लवकर, त्याच दिवशी. झिपरू परवा येणार, हे पाहणार, आणि या वेळी तो गप्प बसणार नाही. जितके हलके उचलता येईल तितके एकेक पाऊल उचलत, भिंतीला धरून ते बाहेर आले. पॅसेजमध्ये उभे राहून त्यांनी बराच वेळ मागे वळून पाहिले नाही. मग दिवा लावला आणि तपासणाऱ्याच्या सवयीने भिंतीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, रांगेरांगेने, उंबऱ्यापर्यंत नजर फिरवली.

थापीचे अर्धगोल एकात एक, अखंड होते. उंबऱ्याशी झिपरूच्या अंगठ्याचा ठसा होता, तेवढाच. काम कुठेही बिघडलेले नव्हते, आणि वेणीमाधवांना हायसे वाटले.